महासाथीतील संगणनाचा नियम आजच लिहा : राष्ट्रीय महासंगणक अभियानाच्या धुरीणांना खुले पत्र

प्रति,
विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, भारत सरकार. तसेच प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक), पुणे आणि भारतीय विज्ञान संस्था, बंगळुरू येथील राष्ट्रीय महासंगणक अभियानाचे सर्व धुरीण यांस,

सादर नमस्कार.

मी पुण्यात संगणकीय रसायनशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी आपल्या अभियानातून उभ्या राहिलेल्या यंत्रांवर काम करूनच संशोधक होतात, त्यामुळे हे पत्र परक्या माणसाने लिहिलेले नाही, एवढे आधी नमूद करते. मागणी एकच आहे. पुढची महासाथ येईल तेव्हा देशातील महासंगणक तातडीच्या संशोधनासाठी कोणाच्या आदेशाने, कोणत्या अटींवर आणि किती दिवसांत खुले होतील, हे आज, साथ नसताना, लिहून काढावे. त्यावर दोन्ही मंत्रालयांची मोहोर उमटावी आणि तो नियम विद्यापीठांतील, वैद्यकीय महाविद्यालयांतील आणि प्रयोगशाळांतील कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा.

मार्च २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या या अभियानाला मंजुरी मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये ‘परम शिवाय’ सुरू झाला, मग खरगपूरला ‘परम शक्ती’ आणि पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आले. ऐन महासाथीत, नोव्हेंबर २०२० मध्ये, सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ जगातील पाचशे वेगवान यंत्रांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर पोहोचला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ राष्ट्राला अर्पण झाले. आज अभियानाची तीसहून अधिक यंत्रे देशभर चालू आहेत. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, हा इतिहास आपल्याला सांगायला नको. यंत्र उभे करण्याची कुवत आपण सिद्ध केली आहे. माझा प्रश्न यंत्राच्या पुढचा आहे.

२२ मार्च २०२० हा रविवार होता. आपल्याकडे त्या दिवशी जनता कर्फ्यू पाळला गेला. त्याच दिवशी अमेरिकेत कोविड-१९ साठी महासंगणकांचा एक समूह स्थापन झाल्याची घोषणा व्हाइट हाउसने केली. त्यात ऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा, नासा, एमआयटीसारखी विद्यापीठे आणि आयबीएम, गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांसारख्या कंपन्या एका छताखाली आल्या. पहिल्याच दिवशी १६ यंत्रणा, ३३० पेटाफ्लॉप्स, ७,७५,००० प्रोसेसर कोअर आणि ३४,००० जीपीयू (एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणाऱ्या चिप) एवढी क्षमता त्यांनी एकत्र मांडली. (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी.) पुढे सदस्यांची संख्या ४३ झाली, क्षमता ६०० पेटाफ्लॉप्सवर गेली आणि शंभराहून अधिक प्रकल्पांना यंत्रवेळ मिळाला.

या आकड्यांनी दिपून जाण्याचे कारण नाही. मला त्यामागची व्यवस्था अधिक महत्त्वाची वाटते. एरवी मोठ्या यंत्रावर वेळ मागायचा तर लांबलचक प्रस्ताव, ठरावीक मुदती आणि महिनोन्‌महिने चालणारी छाननी असते. या समूहाने एकच दार उघडले. संशोधकाने एका ठिकाणी छोटा प्रस्ताव द्यायचा, तज्ज्ञांच्या समितीने त्याची वैज्ञानिक बाजू आणि तातडी काही दिवसांत तपासायची आणि दुसऱ्या गटाने त्या कामाला जुळेल असे यंत्र शोधून द्यायचे. युरोपातील ‘प्रेस’ या महासंगणन भागीदारीनेही त्याच महिन्यात जलद प्रस्तावांची वेगळी खिडकी उघडली. ही सारी धावपळ मुख्यतः परस्परविश्वासावर आणि माणसांनी आपल्या नेहमीच्या कामाखेरीज दिलेल्या वेळेवर चालली. दरवेळी तसे जमून येईलच असे नाही, हे ओळखून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कायमस्वरूपी ‘राष्ट्रीय सामरिक संगणन राखीव दला’चा आराखडा प्रसिद्ध केला. माझी मागणी त्याच दिशेची आहे, पण ती आपल्या यंत्रांच्या आकाराला आणि आपल्या अनुभवाला धरून आहे.

महासंगणकाने महासाथीत नेमके काय होते, याविषयी अतिशयोक्ती करून मला माझी बाजू बळकट करायची नाही. टेनेसीतील ओक रिज प्रयोगशाळेतील ‘समिट’ हे तेव्हाचे जगातील सर्वांत वेगवान यंत्र होते. त्याची कमाल क्षमता सुमारे २०० पेटाफ्लॉप्स होती. विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात खुला झाला आणि फेब्रुवारीत तिथल्या दोन संशोधकांनी ८,००० हून अधिक ज्ञात रेणूंपैकी विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारख्या स्पाइक प्रथिनाला चिकटू शकतील असे ७७ रेणू निवडून काढले. साध्या संगणकावर ज्याला महिने लागले असते ते काम एक-दोन दिवसांत झाले. या यादीतून कोविडवरचे मान्यताप्राप्त औषध बाहेर पडले नाही, हेही तितकेच खरे आहे. संगणकावरची चाळणी प्रयोगशाळेला ‘आधी इथे पाहा’ एवढेच सांगते. त्यानंतर पेशी, प्राणी आणि माणसांवरच्या चाचण्यांचा रस्ता तेवढाच लांब राहतो. तरीही ही चाळणी वाया जात नाही. जपानच्या शिओनोगी कंपनीचे एन्सिट्रेल्व्हिर हे औषध, ज्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये जपानमध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली, त्याच्या शोधाची पहिली पायरी संगणकीय चाळणी हीच होती.

ही आकडेमोड एवढी जड का असते, हे माझ्या विषयातले असल्याने थोडे थांबून सांगते. प्रथिन स्थिर नसते. ते सतत थरथरते, उघडते, मिटते. ती हालचाल पाहायची तर प्रत्येक अणूवर इतर अणूंचा किती ओढा आहे ते काढायचे, त्याला अगदी कणभर पुढे सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून ओढा काढायचा. एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे असते (फेम्टोसेकंद हा मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग). त्यामुळे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाइतकी, एका मायक्रोसेकंदाची, हालचाल पाहायला पन्नास कोटी पावले लागतात आणि प्रत्येक पावलाला लाखो अणूंचा हिशेब करावा लागतो. कॅलिफोर्नियातील रॉमी अमारो यांच्या गटाने स्पाइक प्रथिनाची आणि त्यावरच्या शर्करांच्या आवरणाची अशीच हालचाल ‘समिट’ आणि टेक्सासमधील ‘फ्रॉन्टेरा’ या यंत्रांवर उलगडली. अखंड विषाणूचे त्यांचे प्रारूप ३०.५ कोटी अणूंचे होते. साखरेची ही साखळी विषाणूला आपल्या प्रतिकारशक्तीपासून लपवते, तशीच ती प्रथिनाचा पंजा उघडा धरून ठेवायलाही मदत करते, हे त्यातून दिसले. २०२० चे कोविड संशोधनासाठीचे विशेष गॉर्डन बेल पारितोषिक याच कामाला मिळाले.

रेणूंच्या पातळीवरच्या या कामापेक्षा जपानमधील एक उदाहरण मुंबईकराला अधिक जवळचे वाटेल. कोबे येथील रिकेन संस्थेतील ‘फुगाकू’ हे यंत्र २०२० च्या वसंतात पूर्ण जोडून झालेलेही नव्हते. त्याचे नियमित कामकाज मार्च २०२१ मध्ये सुरू झाले. तरीही यंत्राचा जो भाग तयार होता तो एप्रिल २०२० पासूनच कोविडच्या संशोधनाला देण्यात आला. माकोतो त्सुबोकुरा यांच्या गटाने खोकताना, बोलताना, गाताना तोंडातून निघणारे थेंब हवेत कसे पसरतात, याची गणिते तिथे मांडली. हवेतील आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली की सूक्ष्म थेंबांचे प्रमाण ६० टक्के आर्द्रतेच्या तुलनेत दुपटीहून अधिक होते, हे त्यांनी दाखवले. कार्यालयातील टेबलांमधली आडभिंत किती उंच असावी, वर्गात कोणत्या खिडक्या उघडाव्यात, गर्दीच्या उपनगरी रेल्वेगाडीत खिडक्या उघडल्या तर हवा किती वेगाने बदलते, अशा अगदी रोजच्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली आणि ती चित्रफितींच्या रूपात लोकांपुढे ठेवली. थेंब हवेत कसे तरंगत जातात हे दूरचित्रवाणीवर पाहिल्यावर मुखपट्टी का लावायची, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. औषध शोधायला वर्षे लागतात. खिडकी उघडायला क्षणही लागत नाही. महासाथीच्या पहिल्या सहा महिन्यांत महासंगणकाचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित असल्या प्रश्नांना असतो आणि आपल्या नियमात या प्रश्नांना रेणूंच्या बरोबरीचे स्थान असले पाहिजे.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. २०२० च्या उन्हाळ्यात भारतीय विज्ञान संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांच्या गटांनी बंगळुरू आणि मुंबईसाठी शहराच्या आकाराचे अनुकारक, म्हणजे साथीच्या पसरण्याची संगणकावरची नक्कल, तयार केले. मुंबईच्या प्रारूपात १.२४ कोटी काल्पनिक नागरिक होते. प्रत्येकाचे वय, घर, कामाचे ठिकाण, झोपडपट्टी की इमारत, लोकलने जातो की नाही, हे सारे मांडलेले होते. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीति आयोग आणि टीआयएफआर यांनी तीन प्रभागांत केलेल्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. असे आकडे हाती आल्यावर प्रारूप पुन्हा बसवायचे आणि मग कार्यालये किती टक्क्यांनी उघडावीत, लोकल केव्हा सुरू करावी, याचे अंदाज पालिकेला द्यायचे, असे ते काम चालले. जुलै २०२० मध्येच केंद्राने औषध शोधासाठी राष्ट्रीय हॅकेथॉन सुरू केली आणि तिला सी-डॅकचे साहाय्य होते. चांगली माणसे, चांगली यंत्रे, चांगला हेतू, सारे काही होते. नव्हता तो एक ठरलेला मार्ग, ज्यावरून कोणत्याही जिल्ह्यातला संशोधक सरळ चालत आला असता.

त्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने विषाणूच्या मुख्य प्रोटीएझवर (प्रथिने कापणाऱ्या विकरावर) काही वनस्पतिजन्य रेणूंची तपासणी करायचे ठरवले. या प्रोटीएझची स्फटिकरचना फेब्रुवारी २०२० मध्येच जगाला मोफत उपलब्ध झाली होती. तिच्या फाइली तयार होत्या. टाळेबंदीत ती गावी अडकली होती आणि यंत्रावर शिरायचे तर ते संस्थेच्या आवारातल्या जाळ्यातूनच, असा नियम होता. बाहेरून शिरण्यासाठी व्हीपीएन हवे, व्हीपीएनसाठी छापील अर्ज हवा, अर्जावर विभागप्रमुखांची सही हवी, आणि कार्यालय बंद. हा नियम कोणी दुष्टपणाने केला नव्हता. सुरक्षेसाठीच तो केला होता आणि एरवी तो योग्यही होता. सही मिळाली, खाते उघडले, मग तिचे जॉब (यंत्राला दिलेली कामे) रांगेत लागले, तिथे आधीपासून शेकडो जॉब होते आणि तातडीचे काम म्हणून वेगळी रांगच नव्हती. रांग सांभाळणारा तंत्रज्ञ सज्जन होता. त्याने फोनवर सांगितले की, मॅडम, मी कोणाच्या अधिकारात तुमचा जॉब वर घेऊ? त्याचे म्हणणे रास्त होते. त्याला तो अधिकार देणारा कागद अस्तित्वात नव्हता. माझे सारे पत्र त्या एका प्रश्नाचे उत्तर मागण्यासाठी आहे.

सरकारला संकटात राखीव जागा ठेवता येत नाहीत, असे नाही. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या आणि त्यांचे दर ठरवून दिले. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांचा आधार त्यासाठी होता. खाटा, वाहने, इमारती यांच्याबाबत कोणी कोणाला आदेश द्यायचा हे प्रशासनाला ठाऊक असते. संगणनाच्या वेळेबाबतही तेवढीच स्पष्टता हवी.

आता यातली खरी अडचण. एकाचा जॉब वर घ्यायचा म्हणजे दुसऱ्याचा खाली ढकलायचा. पदार्थविज्ञानाच्या एखाद्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम मध्येच थांबवायचे का? त्याने कामाची मधली अवस्था डिस्कवर साठवून ठेवली असेल तर थांबवलेला जॉब तिथूनच पुढे चालू करता येतो. नसेल तर सगळे पाण्यात. म्हणून नियम आधी जाहीर झाला, तर प्रत्येक वापरकर्ता आपली संगणकप्रणाली (प्रोग्राम) त्या दृष्टीने लिहील आणि अचानक कोणाचे नुकसान होणार नाही. काही यंत्रे तर कोणत्याही परिस्थितीत थांबवता येत नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा टाळेबंदी चालूच होती. मे २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन भरात असताना ‘तौक्ते’ आले. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतील ‘प्रत्यूष’ आणि नोएडातील ‘मिहीर’ ही यंत्रे हवामानाच्या अंदाजांना बांधलेली होती आणि श्रीवर्धन-मुरूडच्या लोकांना किनाऱ्यावरून वेळेत हलवायचे तर तो अंदाज विषाणूच्या गणिताइतकाच जीव वाचवणारा होता. तेव्हा कोणती यंत्रे राखीव योजनेत येतील आणि कोणती कदापि येणार नाहीत, याची यादी संकटाच्या रात्री फोनाफोनी करून ठरवण्याची गोष्ट नाही.

घाईत चुकीचे उत्तर वेगाने मिळण्याचा धोकाही आहे आणि तो मला औषधांपेक्षा साथीच्या अंदाजांत अधिक दिसतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा, साथीच्या संगणकीय प्रारूपावर आधारलेला १६ मार्च २०२० चा अहवाल अनेक सरकारांच्या निर्णयांमागे होता. त्या प्रारूपाची प्रणाली नंतर खुली झाली, तेव्हा दुसऱ्या एका गटाने पोलंडमधील पोझनान येथील महासंगणकावर ती हजारो वेळा, आकडे थोडे थोडे बदलून चालवली. प्रारूपात ९४० घटक होते आणि निकालातील बहुतेक चढउतार त्यांपैकी केवळ १९ घटकांवर अवलंबून होते. हे महासंगणकाचे फार मोलाचे काम आहे: एक उत्तर देण्याऐवजी त्या उत्तरावर किती विसंबायचे ते सांगणे. आपल्याकडे विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीच्या प्रारूपाने ऑक्टोबर २०२० मध्ये साथीचे शिखर ओलांडले गेल्याचे म्हटले होते आणि दुसऱ्या लाटेचे स्वरूप त्याला आधी सांगता आले नाही, हे विभागाने मे २०२१ मध्ये मान्य केले. त्या शास्त्रज्ञांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. अपुऱ्या माहितीवर, प्रचंड दबावाखाली त्यांनी काम केले. पण राखीव यंत्रवेळ घेणाऱ्या प्रत्येक साथ-प्रारूपाने आपली प्रणाली खुली करावी आणि दुसऱ्या स्वतंत्र गटाकडून ती आकडे बदलून तपासून घ्यावी, त्या तपासणीसाठीचा वेळही त्याच राखीव वाट्यातून मिळावा, अशी अट नियमातच असली पाहिजे.

आणि माहिती. एप्रिल २०२१ च्या अखेरीस, जेव्हा प्राणवायूसाठी माणसे रस्त्यावर तडफडत होती, तेव्हा देशातील शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर आवाहन केले की चाचण्यांची आणि रुग्णांची तपशीलवार माहिती संशोधकांना उपलब्ध करून द्यावी आणि जनुकीय क्रमवाचन वाढवावे. विषाणूच्या क्रमवाचनासाठीचा इन्साकॉग हा प्रयोगशाळांचा समूह डिसेंबर २०२० च्या अखेरीस दहा प्रयोगशाळांनिशी सुरू झाला. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र त्यात होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि विदर्भात रुग्ण झपाट्याने वाढले आणि ज्याला पुढे डेल्टा हे नाव मिळाले तो प्रकार त्याच सुमारास महाराष्ट्रात पसरत होता. पेटाफ्लॉप्सची कितीही रास लावा, नमुना कोठून घेतला, कोणत्या तारखेला घेतला, रुग्णाचे वय काय होते, लस घेतली होती का, एवढे जर यंत्राच्या तोंडी लागले नाही तर ते यंत्र फक्त वीज खाते. म्हणून हा नियम आपल्या दोन मंत्रालयांनी एकट्याने लिहून भागणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याशी आजच करार करून, रुग्णाची ओळख झाकलेली माहिती कोणत्या स्वरूपात, कोणत्या सुरक्षित साठ्यात, आदेश निघाल्यापासून किती दिवसांत येईल, हे ठरवावे लागेल. माझ्या मते संपूर्ण योजनेतला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि सर्वांत आधी हात घालण्याजोगाही हाच आहे.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात मांडते. मे २०२० मध्ये एडिनबरा येथील ‘आर्चर’ यंत्रात घुसखोरी झाली. पाठोपाठ जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील केंद्रेही बंद ठेवावी लागली, सगळ्यांचे पासवर्ड आणि कळा बदलाव्या लागल्या. ऐन महासाथीत काही यंत्रे संशोधकांना बंद झाली. दार सर्वांसाठी उघडताना कुलपे ढिली करून चालणार नाही. म्हणूनच घरून काम करणाऱ्या संशोधकाची ओळख पटवण्याची दुहेरी पद्धत आणि कागदावरच्या सहीऐवजी डिजिटल सही, हे साथ नसतानाच बसवून घ्यावे. तसे झाले असते तर माझ्या विद्यार्थिनीचे काम सुरक्षिततेला धक्का न लावता सुरू झाले असते.

नियमात काय असावे याविषयी माझे मत असे आहे. राखीव योजना सुरू करण्याचा अधिकार एका पदाला असावा. प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाला तो देणे मला योग्य वाटते, कारण ते कोणत्याही एका मंत्रालयाचे नाही. आदेश निघताच ठरलेल्या यंत्रांवरचा निदान पाचवा हिस्सा तातडीच्या रांगेकडे जावा आणि तो वाढवायचा की घटवायचा, हे दर पंधरवड्याला ठरावे. प्रस्ताव तीन पानांहून मोठा नसावा, तो इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही देता यावा आणि त्यावर तीन दिवसांत होकार किंवा कारणासह नकार मिळावा. परीक्षकांची यादी आधीच तयार असावी. तीत विषाणूतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ आणि फुप्फुसविकार पाहणारे डॉक्टरही असावेत, कारण कोणता प्रश्न तातडीचा हे आम्हा संगणनवाल्यांपेक्षा त्यांना अधिक कळते. नापास ठरलेल्या रेणूंची यादीही तितक्याच तत्परतेने खुली व्हावी, म्हणजे दहा गट त्याच दहा रेणूंमागे धावणार नाहीत.

यापेक्षाही मला माणसांची काळजी अधिक आहे. मिरजेच्या किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरकडे उत्तम प्रश्न असतो, रुग्णांच्या नोंदी असतात, पण जॉब कसा लिहायचा, जीपीयूवर काय चालते आणि काय चालत नाही, हे सांगणारे कोणी जवळ नसते. अमेरिकेतील समूहाने प्रत्येक प्रकल्पाला यंत्राबरोबर ते यंत्र जाणणारा माणूसही जोडून दिला. माझ्या मते यंत्रवेळेइतकेच मोल त्या मदतीचे होते. आपल्या अभियानातून हजारो तरुण महासंगणनाचे प्रशिक्षण घेऊन बाहेर पडले आहेत. त्यांतील इच्छुकांची एक राखीव नोंदवही ठेवावी, संकटाच्या काळात त्यांना मानधन द्यावे, त्यांच्या मूळ संस्थेला त्यांची रजा मंजूर करणे बंधनकारक असावे. वीज, शीतकरण आणि यंत्रांची देखभाल पाहणाऱ्या तंत्रज्ञांना टाळेबंदीत अत्यावश्यक सेवेचे ओळखपत्र मिळेल, हेही त्याच कागदात लिहावे.

आपली एकत्रित क्षमता आजही ‘समिट’ या एका यंत्राच्या कमाल क्षमतेहून बरीच कमी आहे, हे वास्तव मी विसरलेले नाही. त्यामुळेच तर वाटप अधिक नेमके हवे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दहा हजार कोटींहून अधिक रकमेच्या इंडिया-एआय मिशनमधून खासगी पुरवठादारांचे हजारो जीपीयू सरकारी अनुदानावर संशोधकांना मिळू लागले आहेत. त्या करारांत आणीबाणीचे एक कलम घालायला आज फारसे काही लागणार नाही. महासाथ सुरू झाल्यावर तेच कलम घालायला गेलो तर दर आणि अटी दोन्ही समोरच्याच्या हातात असतील.

शेवटची विनंती सरावाची आहे. नियम लिहून कपाटात ठेवू नये. वर्षातून एकदा तो चालवून पाहावा. पहिल्या सरावासाठी मी एक विषय सुचवते. कर्नाटकातून आलेला माकडताप गेल्या दहा वर्षांत सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी भागात माणसांचे बळी घेत आला आहे आणि त्याच्या विषाणूवर आजही नेमके असे औषध नाही. एका सोमवारी सकाळी कोणतीही पूर्वसूचना न देता आदेश काढावा, त्या विषाणूच्या प्रोटीएझवर ज्ञात औषधांची चाळणी करण्याचे प्रस्ताव मागवावेत आणि प्रस्ताव येण्यापासून पहिला जॉब यंत्रावर चालू होईपर्यंत किती तास लागले, कोठे अडले, कोणाची सही कमी पडली, कोणत्या रुग्णालयाकडून माहिती आली आणि कोणाकडून आली नाही, याची नोंद ठेवावी. ती नोंद आणि निवडलेल्या रेणूंची यादी महिन्याभरात प्रसिद्ध करावी आणि रेणू पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासणीसाठी पाठवावेत. माझा विभाग आणि माझे विद्यार्थी या सरावासाठी विनामोबदला काम करायला तयार आहेत. या पत्राला आपले लेखी उत्तर यावे आणि ते जाहीर असावे, अशी विनंती करते.

आपली विश्वासू,
संगणकीय रसायनशास्त्राची एक अध्यापिका,
पुणे